सात हिरव्या मुठी

करावे
सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७

चोर म्हणालास मला. मोऱ्याच्या धक्क्यावर, बर्फाच्या टेम्पोपाशी, दहा माणसांत. "माजी वयनी चोर हाय. माज्या जाळ्याचे बोये चोरून तिनं कपाटांना ठोकलेत." हे शब्द तुझेच की नाही ते आधी सांग. ज्या सितारामनं इथली बातमी तुला नेली त्यानंच तुझी बातमी मला आणून दिली. तो दोन्हीकडचा माल पोचवतो आणि भाडं घेत नाही. तुझ्या बायकोचा भाऊ म्हणून चहा दिला, नाहीतर पायरीवरूनच परत पाठवला असता.

शिवराम, आठ वर्षांत तू या घराला एक ओळ लिहिली नाहीस. तुझ्या दादाला कावीळ झाली, जुनं घर पाडून नवं बांधलं, वर भाडेकरू आले, तुझ्याकडून काही नाही. आणि तोंड उघडलंस ते यासाठी. उघडलंस तर आता ऐकूनही घे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, लिहिताना हात भरून येतो, तेव्हा एकदा लिहिलेलं नीट वाच.

पहिली गोष्ट, ठोकलेले नाहीत, बांधलेले आहेत. एक खिळा मारलेला नाही.

नव्या घराखाली भाडेकरूच्या गाडीसाठी गॅरेज काढलं. भाडेकरू मिळाल्या त्या नमिताताई, शाळेत शिकवतात, त्यांची स्कूटर जिन्याखाली मावते. गॅरेज रिकामं पडलं. इकडे तुझा दादा किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करायचा ते काम बसत चाललेलं, कारण होड्याच राहिल्या नाहीत. मी म्हटलं, इथंच सुतारकाम काढा, लोक नवीन घरांत राहायला येतात तर बसणार काय जमिनीवर? तसं ते सुरू झालं. हत्यारं ठेवायला कपाट पाहिजे होतं. नेरूळला एका बंगल्यात जुनं किचन उखडून नवं बसवत होते. मी त्या बाईला जाऊन सांगितलं, उखडलेलं आम्ही फुकट उचलून नेतो, तुमची मजुरी वाचेल. हातगाडीवर तीन खेपा केल्या. पण बाई हुशार. देताना सगळी हँडलं काढून घेतली. पितळेची होती म्हणे. आमच्याकडे आले सोळा खण नि दारं, आणि धरायला काही नाही. तुझा दादा पटाशीचं टोक घालून खण उघडायचा. आठ दिवसांत कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या झाल्या.

वाशीला दुकानात गेले. एका हँडलला पस्तीस रुपये. मी त्याला विचारलं, आत काय भरलंय. स्वस्तातली लोखंडी घेतली असती तर खाडीच्या हवेनं वर्षात गंजून दादाचे हात लाल झाले असते. तशीच घरी आले, माळ्यावर चढले आणि जुन्या बोयांची गोणी खाली घेतली. जाळं पाण्यावर तरंगत ठेवणारे पांगाऱ्याचे लाकडी बोये, वजनाला काही नाही, मधे फुगीर, हाताच्या मुठीत बरोबर बसणारे, आरपार भोक. भोकातून नायलॉनची दोरी ओवली. फळीला गिरमिटानं दोन भोकं पाडली, टोकं आत घेतली आणि मागून गाठ मारली, जाळ्याला मारतो तीच, ओढाल तेवढी आवळणारी. गाठी सगळ्या माझ्या. बोया फळीवर आपटून खडखडायला लागला तर जुन्या हवाई चपलेच्या चकत्या कापून मधे सरकवल्या. ग्रिलचा हिरवा ऑइलपेंट डब्याच्या तळाशी उरला होता, त्याचे दोन हात दिले. झाली सोळा हँडलं. गोंदानं माखलेल्या हातानंही धरता येतात, पावसाळ्यात गंजत नाहीत, पोटाला टोचत नाहीत.

नमिताताई खाली आल्या, बघून म्हणाल्या, "सगुणाबाई, ही कुठून आणलीत? माझ्या कपाटाला दोन करून द्या ना." शिकलेल्या बाईला कारागिरी दिसली. तुला चोरी दिसली.

दुसरी गोष्ट. त्या गोणीत कुणाचे किती बोये होते ते मला माहीत नव्हतं. निशाण्या तुम्ही पुरुषांनी कोरायच्या, दोन चिरा का तीन चिरा, मी कशाला बघत बसू? गोणी माळ्यावर होती, माळा माझ्या घराचा आहे.

तुझा दादा मजेत आहे. कामाला दिवस पुरत नाही. जुईनगरच्या सुंदराबाईच्या मुलीचं लग्नाचं कपाट चाललंय, चांगलं सागाचं. तुझ्या सात बोयांवाचून त्याचं काही अडलेलं नाही.

चोर हा शब्द मागे घे. जिथं बोललास तिथंच, त्याच दहा माणसांत.

सगुणा


करावे
गुरुवार, १३ फेब्रुवारी १९९७

शिवराम,

कार्ड मिळालं. कोरं करकरीत कार्ड आणि त्यावर दोन वाक्यं. "बोये जळाले होते ना? आणि सात मोजले कोणी?" नमस्कार नाही, सही नाही. अक्षर मात्र सुधारलंय. पोस्टमन म्हणाला, "मावशी, वाचून दाखवू?" म्हणजे त्यानं आधीच वाचलं होतं. म्हटलं, मला येतं वाचता, तू पुढं हो.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं मी आज देणार नाही. आज दुसरं लिहायचं आहे, ते आधी वाच.

दादा मजेत आहे असं मी लिहिलं ते खोटं. संक्रांतीनंतर त्यानं हत्याराला हात लावलेला नाही.

झालं ते असं. सिताराम मासळीची पेटी करून घ्यायला आला होता. दादा सुंदराबाईच्या फळीवर रंधा मारत होता. सितारामला माप लिहायला पेन्सिल पाहिजे होती, दादानं मान वर न करता सांगितलं, "वरच्या खनात बघ." त्यानं खणाची मूठ धरली आणि धरूनच राहिला. चार महिने रोज धरून धरून त्या मुठीचा हिरवा रंग उडाला होता, आतलं लाकूड वर आलं होतं. त्यानं त्यावर अंगठा फिरवला.

"वयनी, ह्यो तर आमच्या शिवरामचा बोया. तीन चिरा नि बाजूला डागल्याला ठिपका. मोऱ्याला आताबी हीच निशानी काढतो त्यो."

रंधा थांबला. दादा उठून आला. एकेका मुठीवरून अंगठा फिरवत गेला, जिथं रंग होता तिथं नखानं खरवडलं. सोळाच्या सोळा बघितल्या. मग म्हणाला, "सात." आता कळलं सात कोणी मोजले?

मग माझ्याकडे बघितलं. "सगुना, वाळवी लागली म्हनून बोये जालले असं तू बोललेलीस."

"काही राहिले असतील तळाशी," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. रंधा आडवा करून ठेवला, हात धुतले, आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. मला वाटलं, तासाभरानं उठेल. दुसरा दिवस झाला, तिसरा झाला. फळी अर्धी गुळगुळीत, अर्धी खरखरीत, तशीच टेबलावर पडली आहे. केर काढताना मी तिच्याकडे बघत नाही.

कशामुळे, ते तुला माहीत आहे. तू विसरला असशील असं मी धरत नाही. घर सोडताना पिशवी खांद्याला लावून तू दारात उभा होतास. "दादा, माजे बोये ह्याच घरात हायत. वयनी खोटं बोलते." तुझा दादा, ज्यानं कधी कुणाला अरे केलं नाही, त्यानं दारात ओढून ठेवलेल्या होडीवर हात ठेवला. "माज्या घरात तुजा एक बोया जरी निघाला ना शिवराम, तर ह्या हातानं पुन्ना हत्यार धरनार नाय. लबाड तूच हायस. जा."

मला तेव्हा वाटलं, रागातलं बोलणं आहे. रागातलंच होतं. पण रागातलं बोलणंही पाळायची खोड आहे त्याला, हे तुलाही माहीत आणि मलाही.

मी म्हटलं, मुठी तोडून खाडीत फेकते. तो म्हणाला, "घरात निघाले ते निघाले. आता फेकून काय?" मी खणातला रंधा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, जसं कुणाचं तरी पोर मांडीवरून उतरवावं. सुंदराबाई दोनदा येऊन गेली. काल तर फळीवरच बसली. "कमळाकरदादा, लगीन माज्या पोरीचं, उपास तुमी का धरलाय?" तो म्हणाला, "दुसरा सुतार बघा, बाय." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सगुना, ह्यांना नजर लागली काय?" मी म्हटलं, भाऊ लागलाय.

परवा तो एका सोसायटीत जाऊन वॉचमनच्या नोकरीचं बोलून आला. ज्या बिल्डिंगीत त्यानं स्वतः दारं बसवली तिथंच आता खुर्ची टाकून बसणार आणि त्याच दारांतून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करणार. बावन्नाव्या वर्षी. हात शाबूत असताना.

म्हणून लिहिते. ये आणि त्याला सांग की झालं ते झालं. बाकी मला तुझ्याकडून काही नको. बोयांचं मग बघू.

सगुणा


करावे
मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७

शिवराम,

पाच दिवस झाले. पोस्टमन दोनदा समोरून सायकल दामटत गेला. म्हणजे तुला आधी उत्तर पाहिजे. घे.

जळाले नव्हते. एकही नाही. वाळवीही लागली नव्हती. तू रखमाला घेऊन पनवेलला कपडे आणायला गेलास त्या दुपारी मी तुझी गोणी उचलली, माळ्यावर भाताच्या कणगीमागे ढकलली, वर फाटकी ताडपत्री टाकली. संध्याकाळी तू मागितलीस तेव्हा सांगितलं, वाळवी लागली होती, बंबात घातली. माझी जीभ अडखळली नाही. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला कळलं. दादानं बघितलं आणि त्याला कळलं नाही. तो माझ्या तोंडाकडे कधी खोटं शोधायला बघतच नाही.

का केलं? तू मोऱ्याला जाऊ नयेस म्हणून. इथली खाडी गेली, पाण्याला तेलाचा वास, जाळ्यात चिखल. दादानं होडी मोडीत काढायची ठरवली आणि त्याला ते मीच दिवसरात्र सांगितलं होतं, हेही लिहून टाकते. तू म्हणालास, मी मासळीच करणार, रखमाचे भाऊ मोऱ्याला आहेत, तिकडे जातो. मी विचार केला, बोयांशिवाय जाळं नाही, जाळ्याशिवाय जाणं नाही. दोन दिवस फुगून बसशील, तिसऱ्या दिवशी जेवायला मागशील.

तू नेहमी असंच केलंस. मी या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांचा, आई नसलेला, नाक वाहणारा. रुसलास की कणगीवर चढून बसायचास आणि दोन दिवस खाली यायचा नाहीस. तिसऱ्या दिवशी मी खाली नुसती कोलंबी तळायची. बोलवायची नाही. तू आपणच उतरायचास. मला वाटलं, तीस वर्षांचा झाला तरी तोच शिवराम आहे. तू रिकाम्या हातानं चालू पडशील हे मला सुचलंच नव्हतं.

तू गेलास तेव्हा दादानं शपथ घेऊन टाकलेली. मी तेव्हाच खरं बोलले असते तर त्याचं हत्यार त्याच दिवशी सुटलं असतं. होडी जाणार, हत्यारही गेलं तर चूल कशावर पेटणार? गप्प राहिले. एक दिवस गप्प राहिलं की दुसऱ्या दिवशी सोपं जातं. अशी आठ वर्षं सोपी गेली.

घर पाडलं तेव्हा गोणी मीच खांद्यावरून शेजारी नेऊन ठेवली आणि नव्या माळ्यावर परत चढवली. दादाचे जुने बोयेही तिच्यातच भरले. मग बाहेर का काढली विचारशील. एक तर चांगलं लाकूड पडून राहिलेलं मला बघवत नाही आणि पस्तीस रुपये तर मी त्या दुकानदाराला मेले तरी देणार नव्हते. रंगाखाली गेलं म्हणजे गेलं असं वाटलं. दुसरं कारण लिहिणार नव्हते. दादा खण ओढताना रोज तुझा बोया हातात धरायचा. त्याला माहीत नव्हतं, मला होतं. पोळ्या लाटता लाटता खिडकीतून दिसायचं. बरं वाटायचं.

हे सगळं तुला लिहायच्या आधी मी त्याला सांगितलं. परवा रविवारी, जेवताना. ताट सोडून उठेल असं वाटलं होतं. उठला नाही. शेवटच्या शितापर्यंत जेवला. मग म्हणाला, "म्हंजे त्यो खरं बोलत होता."

"हो."

"नि मी त्याला लबाड म्हटला."

"हो."

"तू तितंच उभी होतीस."

मी म्हटलं, "हो. पदराला हात पुसत उभी होते."

हात धुवायला मोरीत गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुजं नंतर बघू, सगुना." नंतर म्हणजे कधी, मी विचारलेलं नाही. मी कुणाला भीत नाही, सोसायटीवाल्यांना नाही, पोलिसांना नाही. पण ते विचारलेलं नाही.

तेव्हा चोर म्हणालास ते राहू दे. मागे घेऊ नकोस. चोरलेच होते. धक्क्यावर परत कुणी विचारलं तर सांग, वहिनीनं कबूल केलं.

पण माझ्या चोरीची शिक्षा त्याला का? शपथ ज्याच्यासमोर घेतली त्यानं सुटली म्हटलं की सुटते. लहान असताना तू त्याला दिवसाला दहा शपथा घालायचास, चिंच दे शपथ, खांद्यावर घे शपथ, आणि संध्याकाळी "सुटली सुटली" म्हणून मोकळा. तेवढा एक शब्द लिही. कार्डावर जागा भरपूर असते, तुला माहीतच आहे.

सगुणा

रखमाला सांग, बोये तिच्यावरच्या रागानं लपवले नव्हते. ती मला पहिल्यापासून बरी वाटली. मासे निवडताना बडबड करत नाही.


करावे
सोमवार, २४ फेब्रुवारी १९९७

शिवराम,

कार्ड आज सकाळी आलं. "शपथ सुटली. शिवराम." उभ्या उभ्या वाचलं. तव्यावर भाकरी होती ती तशीच टाकून गॅरेजकडे पळाले. तुझा दादा कट्ट्यावर बसून वॉचमनच्या शर्टाची बाही बघत होता. सोसायटीनं दिलेला शर्ट आखूड आहे, मनगटं वीतभर बाहेर येतात.

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "घ्या. सुटली. आता उठा."

त्यानं वाचलं. मग कार्ड उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूला जास्त वेळ बघितलं.

"पत्ता कोनाच्या नावाचा हाय?"

"माझ्या."

"मग तुजी सुटली. तू पेढे वाट."

मी म्हटलं, "अहो, शब्द तर त्याचाच आहे ना? सही आहे."

"शपत मी घेतली, त्याच्या तोंडावर. त्यानं ती तुला सोडून दिली. माज्याशी त्यो आजून बोललेला नाय." कार्ड मला परत दिलं आणि शर्टाची घडी घालत बसला. तिकडे भाकरी करपून धूर खाली आला, नमिताताई वरून ओरडल्या, सगुणाबाई, काही जळतंय. म्हटलं, जळू दे.

मला तुमच्या दोघांचा असा संताप आला की ती अर्धी फळी उचलून पाण्यात ढकलून द्यावी. दिवसभर भांडी आपटली. पण आता लिहायला बसल्यावर सांगते, तो बरोबर बोलला. तू आठ वर्षांत तीन वेळा तोंड उघडलंस. एकदा धक्क्यावर माझ्याबद्दल, दोनदा कार्डावर माझ्याशी. भावाला तू काहीच म्हटलेलं नाहीस, चांगलं नाही, वाईट नाही. मीच मधे उभी आहे. त्या दिवशी दारात उभी होते तशीच. आता मला बाजूला व्हायचं आहे आणि तुम्ही दोघं होऊ देत नाही.

वेळ किती उरलाय ते ऐक. शनिवारी एक तारखेला त्याची सोसायटीत ड्युटी सुरू. रविवारी दोन तारखेला तुर्भ्याचा एक माणूस टेम्पो घेऊन येणार, सगळी हत्यारं एकदम उचलणार. दादानं त्याला शब्द देऊन ठेवलाय, आणि त्याच्या शब्दाचं काय होतं ते आपण बघतोच आहोत. तुझ्या बापाची पटाशीही त्यात आहे, जिची मूठ तू आणि त्यानं मिळून बसवली होती, ती सुद्धा जाणार. मी हातपाय आपटून काही होणार नाही. सुंदराबाईला मी सांगितलंय, लग्न नऊ तारखेचं आहे, शनिवारपर्यंत थांब, नंतर तू दुसरीकडे जायला मोकळी. ती म्हणाली, "सगुना, तुज्या तोंडाकडं बघून थांबते." माझ्या तोंडाकडे बघून लोक अजून थांबतात, एवढं सांगून ठेवते.

मी काय केलंय ते लिहिते. नमिताताईंकडे फोन आहे. शुक्रवारी त्या शाळेतून साडेपाचला येतात आणि साडेसहाला शिकवणीला जातात. त्यांना विचारलं, तुमच्या फोनवर आमचा एक फोन आला तर चालेल का. म्हणाल्या, "चालेल, पण कुणाचा?" मी सगळं सांगितलं. गोणी लपवली तेही. त्यांनी पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाल्या, "सगुणाबाई, तुम्ही माझ्या वर्गात असता तर रोज बाकावर उभ्या राहिला असता." नंबर या कागदाच्या मागे त्यांच्याच अक्षरात आहे, म्हणजे माझा चार आणि नऊ तुला कळत नाही असं म्हणायला नको. रिसिव्हर उचलला की तोंडानं बोललेलंच ऐकू येतं. दादाला तोंडानंच पाहिजे आहे.

त्याला मी या वेळी खोटं सांगितलेलं नाही. सांगितलं, "शुक्रवारी सहाला वर शिवरामचा फोन येईल. तुम्ही वर जाऊन बसा." आला तर बघू असं म्हटलं नाही. येईल म्हटलं. तो नेलकटर घेऊन नखं कापत बसला होता, ती तशीच कापत राहिला. मग तासाभरानं, मी तांदूळ निवडत असताना, विचारतो कसा, "तो निळा शर्ट धुतल्याला हाय का?"

फोनवर शर्ट कोण बघतो? मी विचारलं नाही. धुवून दोरीवर टाकला.

माझ्याशी बोलू नकोस. माझं जे काय आहे ते तुझ्या दादाकडे "नंतर"मध्ये आहे, तुझ्याकडेही असेल, ते समोर आलास की बोल, मी ऐकून घेईन, मधे तोंड घालणार नाही. जमेल तेवढं. फोनवर फक्त त्याच्याशी. सुटली म्हणायची असेल तर म्हण. शिवी द्यायची असेल तर दे, त्यानं तुला लबाड म्हटलंय, तुझा हक्क आहे. त्याला शिवीही चालेल असं मला वाटतं. त्या सात मुठी मी सोडलेल्या नाहीत. नेणार असशील तर येऊन तुझ्या हातानं सोड, गाठी आतून आहेत. ठेवणार असशील तर तेही त्यालाच सांग.

शुक्रवार, २८ तारीख, संध्याकाळी सहा. मोऱ्याच्या बूथवर त्या वेळी गर्दी असते म्हणतात, तर साडेपाचलाच जाऊन उभा राहा. "जाळं टाकायला गेलो होतो" हे मी ऐकणार नाही, भरती किती वाजता आहे ते मी बघून ठेवलंय. घंटी वाजल्यावर मी उचलणार नाही, नमिताताईही उचलणार नाहीत. तोच उचलेल. बोलायचं नसेल तर तसंही त्यालाच सांग. पण सहाला फोन वाजला पाहिजे.

सगुणा